‘आधी टोकन टाका, कागद नंतर बघा’ हा सल्ला पाळू नका

मुंबईत घर शोधणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. आवडलेला रीसेल फ्लॅट हातचा जाऊ नये म्हणून त्यात पाच सूचना दिल्या आहेत: पहिल्याच भेटीत टोकन (म्हणजे बयाणा) द्या, मालकाच्या आकड्यापेक्षा वरच बोला, काही रक्कम रोख द्यायची तयारी दाखवा, लोनचं नाव आधी काढू नका आणि कागदपत्रं टोकननंतर बघा. लोक हा मेसेज चांगल्या मनाने पुढे पाठवतात, पण यात आयुष्यभराची कमाई पणाला लागते. म्हणून एकेक सूचना तपासून बघू.

टोकन आणि कागदपत्रं या दोन सूचना एकत्रच घ्याव्या लागतील, कारण सगळ्यात मोठा धोका तिथेच आहे. टोकन दिल्याने घर आपलं होत नाही. कायद्यात वजन आहे ते मुद्रांक शुल्क भरून दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेल्या करारनाम्याला. त्याआधी कागद बघितलेच पाहिजेत: शेअर सर्टिफिकेट (सोसायटीच्या सभासदत्वाचा दाखला), पहिल्या खरेदीपासूनच्या करारांची साखळी, इमारतीची ओसी (भोगवटा प्रमाणपत्र), सोसायटीची थकबाकी आणि मालकाचं स्वतःचं कर्ज शिल्लक आहे का. कर्ज असेल तर मूळ करारनामा त्याच्या बँकेत अडकलेला असतो.

मुंबईत हमखास दिसणारं एक उदाहरण घ्या. फ्लॅट वडिलांच्या नावावर, वडील वारलेले आणि विकायला निघालाय नॉमिनी असलेला थोरला मुलगा. सोसायटीने त्याचं नाव लावलेलं असतं, त्यामुळे एजंट म्हणतो, ‘पेपर क्लिअर आहेत.’ पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. लग्न होऊन गेलेल्या बहिणीचाही त्या घरात वाटा असू शकतो. तिचं हक्कसोड पत्र नोंदवलेलं नसेल तर भावाच्या हातात दिलेलं टोकन कशाच्या भरवशावर दिलं? म्हाडाच्या घराला विक्रीबंदीची मुदत असते, कलेक्टरच्या म्हणजे सरकारी जमिनीवरच्या सोसायटीत विक्रीला परवानगी लागते. या गोष्टी टोकननंतर कळल्या की पैसे परत मिळवताना नाकीनऊ येतात.

टोकन द्यायचंच असेल तर खात्यातून द्या आणि पावती घ्या. पावतीवर फ्लॅट नंबर, एकूण किंमत आणि कराराची तारीख हवी. कागदांत दोष निघाला किंवा बँकेने कर्ज नाकारलं तर पैसे किती दिवसांत परत, हेही लिहून घ्या. सह्या सगळ्या मालकांच्या हव्यात.

आता ‘लोनचं नाव काढू नका’. मुंबईत बहुतेक घरं कर्जावरच घेतली जातात आणि मालकांनाही ते ठाऊक असतं. त्यांना धास्ती असते ती पैसे वेळेवर येण्याची. बोरिवलीतल्या एका व्यवहारात मी बसलो होतो. मालक निवृत्त, पुण्याला मुलाजवळ घर घेतलेलं. दोन गिऱ्हाइकं होती. एकाने चार लाख जास्त लावले, पण लोनचं विचारलं की ‘होईल, बघू’. दुसऱ्या जोडप्याने बँकेचं सँक्शन लेटर, म्हणजे कर्जमंजुरीचं पत्र, टेबलावर ठेवलं आणि एका कागदावर लिहून आणलं: टोकन इतकं, नोंदणीच्या दिवशी इतकं, बाकी बँकेकडून अमुक तारखेपर्यंत. काकांनी तो कागद चष्मा लावून दोनदा वाचला. मग म्हणाले, ‘पुण्याच्या बिल्डरला पंधरा तारखेला हप्ता द्यायचाय, बघूवर माझं कसं चालेल?’ घर त्या जोडप्याला मिळालं. मजबूत ऑफर म्हणतात ती ही.

‘वरच बोला’ या सूचनेचा हिशेब करून बघा. समजा तुम्ही 1 कोटी 20 लाख बोललात आणि बँकेच्या व्हॅल्युएशनमध्ये फ्लॅट 1 कोटी 10 लाखांचा निघाला. 75 लाखांवरच्या कर्जाला बँक जास्तीत जास्त 75 टक्के देते, तेही कमी असलेल्या आकड्यावर. म्हणजे साडेब्याऐंशी लाख. उरलेले साडेसदतीस लाख, 6 टक्क्यांनी मुद्रांक शुल्काचे 7 लाख 20 हजार आणि नोंदणीचे 30 हजार मिळून 45 लाख तुमच्या खिशातून. व्हॅल्युएशन पूर्ण आलं असतं तर साडेसदतीस लाखांत भागलं असतं. त्यापेक्षा नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर त्याच इमारतीतले अलीकडचे व्यवहार शोधा. इंडेक्स टूवर, म्हणजे नोंदवलेल्या कराराच्या सारांशावर, किंमत छापलेली असते, घासाघीस त्या आधारावर करा.

रोखीची सूचना मात्र सरळ बेकायदा आहे. घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेता येत नाही आणि रोख घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. घर घेणाऱ्याचा तरी फायदा आहे का? 1 कोटी 20 लाखांतले 30 लाख रोख दिले तर करार 90 लाखांचा होतो आणि मुद्रांक शुल्काचे 1 लाख 80 हजार वाचल्यासारखे वाटतात. पण कर्ज 90 लाखांवरच मोजलं जातं. पुढे घर विकताना कागदावरची खरेदी 30 लाखांनी कमी दिसते, तेव्हा आजच्या साडेबारा टक्के दराने भांडवली नफ्यावरचा कर पावणेचार लाखांनी वाढतो. शिवाय कराराची किंमत रेडी रेकनरच्या (सरकारी दरतक्त्याच्या) मूल्यापेक्षा 10 टक्क्यांहून जास्त खाली गेली, तर तो फरक घर घेणाऱ्याचं उत्पन्न धरून त्यावरही कर लागतो. आणि व्यवहार फिसकटला तर त्या 30 लाखांची पावती तुमच्याकडे नसते. मालक रोखीवरच अडून बसला असेल तर तो फ्लॅट सोडा आणि पुढचा बघा.