‘मुका मार आहे, चोळून घ्या’: गुडघ्याविषयीच्या एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

मोटारीच्या धडकेत गुडघ्याला मार बसल्यास काय करावे, हे सांगणारा एक संदेश कुटुंबांच्या आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत असतो. त्याचे सार असे: उठून चार पावले चालता आले तर काही मोडलेले नाही, एक्स-रे स्वच्छ आला की निश्चिंत व्हा, एमआरआय हा पैसे उकळण्याचा प्रकार आहे, मुका मार असतो, कोमट तेलाने चोळून घट्ट पट्टी बांधा, लिगामेंट फाटल्याचे सांगून ऑपरेशन करतात, ते टाळा, एअरबॅगच्या गाडीत गुडघ्याला फारसे काही होतच नाही, आणि शेवटी, पोलिसांचे लचांड नको असेल तर रुग्णालयात ‘घरात पडलो’ असे सांगा. फिजिओथेरपीच्या टेबलापाशी या सल्ल्याचे परिणाम पाहावे लागतात, म्हणून एकेक मुद्दा तपासून पाहतो.

चार पावलांचा निकष हवेतून आलेला नाही. कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी १९९५ साली गुडघ्याच्या दुखापतीसाठी पाच प्रश्नांची एक चाळणी मांडली आणि ती आजही जगभर वापरली जाते. वय ५५ किंवा त्याहून अधिक आहे का, फक्त वाटीवर दाबल्यास दुखते का, गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला असलेल्या बारीक हाडाच्या डोक्यावर दुखते का, गुडघा ९० अंशांपर्यंत दुमडता येत नाही का, आणि अपघातानंतर लगेच व तपासणीच्या वेळी, अशा दोन्ही वेळा चार पावले टाकता येत नाहीत का. यांपैकी एकाचेही उत्तर ‘हो’ आले तर एक्स-रे काढावा, एवढेच ती चाळणी सांगते. संदेशकर्त्याने पाचातला एक प्रश्न उचलला, आणि ‘एक्स-रे काढायचा की नाही’ या प्रश्नाचे उत्तर ‘गुडघा शाबूत आहे की नाही’ या प्रश्नाला चिकटवले. शरीरावर इतरत्रही जखमा असलेल्या किंवा पूर्ण शुद्धीवर नसलेल्या रुग्णांसाठी ही चाळणी तयारच झालेली नाही, आणि मोटार अपघातातले रुग्ण पुष्कळदा नेमके तसेच असतात.

चालता येऊनही काय बिघडलेले असू शकते, हे कळण्यासाठी गुडघा गाडीत कसा असतो ते डोळ्यांसमोर आणावे लागेल. पुढच्या सीटवर बसलेल्या माणसाचा गुडघा साधारण काटकोनात दुमडलेला असतो. समोरून धडक बसली की गाडी थांबते, शरीर मात्र पुढे जात राहते आणि नडगीचे वरचे टोक डॅशबोर्डवर आदळून मांडीच्या हाडाखाली मागे ढकलले जाते. तिला मागे सरकण्यापासून रोखणारा, गुडघ्याच्या आत खोलवर असलेला अस्थिबंध (लिगामेंट), ज्याला पीसीएल म्हणतात, तो त्या झटक्यात ताणला जातो किंवा तुटतो. खेळाडूंच्या बाबतीत आपण नेहमी ऐकतो त्या एसीएलच्या, म्हणजे गुडघ्याच्या आतल्याच दुसऱ्या अस्थिबंधाच्या, दुखापतीत बहुधा ‘कट्’ असा आवाज येतो, गुडघा टम्म सुजतो आणि पाय टेकवत नाही. पीसीएलची दुखापत पुष्कळदा त्या मानाने अबोल असते. माणूस लंगडत का होईना चालतो, आठवड्याभरात कामावर जातो, आणि जिना उतरताना गुडघा ‘आपला वाटत नाही’ अशी तक्रार घेऊन महिन्या-दीड महिन्याने येतो.

असे एक शिक्षक अपघातानंतर पाच आठवड्यांनी आले होते. उजव्या वाटीच्या खाली, नडगीच्या वरच्या टोकावर, रुपयाएवढा गुलाबी व्रण होता. डॅशबोर्डने काढलेली ती खूण होती. त्यांना उताणे झोपवून दोन्ही गुडघे काटकोनात दुमडून टाचा एका रेषेत ठेवायला सांगितल्या आणि टेबलाच्या पातळीवर डोळे आणून बाजूने पाहिले. डावीकडे वाटीखाली नडगीचा उंचवटा स्पष्ट पुढे आलेला दिसत होता. उजवीकडे तोच उंचवटा बोटभर मागे खचला होता. त्यांनी जवळ जपून ठेवलेल्या एक्स-रेच्या फिल्ममध्ये एकही हाड मोडलेले नव्हते.

दुसऱ्या मुद्द्याचे उत्तर त्या फिल्मनेच दिले आहे. एक्स-रेमध्ये हाड दिसते. अस्थिबंध, दोन हाडांमधल्या गाद्या आणि कुर्चा (हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण) दिसत नाहीत. नडगीच्या वरच्या सपाट भागाला गेलेली बारीक भेगसुद्धा साध्या एक्स-रेमध्ये कधी कधी निसटते आणि सीटी स्कॅनमध्ये सापडते. मात्र संदेशातला राग पूर्णपणे निराधार आहे असेही मी म्हणणार नाही, कारण हाताने नीट तपासणी न करताच एमआरआय लिहून दिलेले कागद आम्ही पाहतो, आणि प्रत्येक दुखऱ्या गुडघ्याला एमआरआय लागत नाही. पण गुडघा दोन तासांच्या आत फुगला असेल (आत रक्त साचल्याची ती खूण मानतात), तो अडकून सरळ होत नसेल, चालताना निसटल्यासारखा वाटत असेल किंवा तपासणीत नडगी पुढे-मागे सरकत असेल, तर एमआरआय टाळून वाचलेले पैसे पुढे दुप्पट होऊन जातात. शिवाय डॅशबोर्डवर आदळलेल्या गुडघ्याचा धक्का मांडीच्या हाडातून वर खुब्यापर्यंत पोहोचतो. खुबा मागे निखळणे किंवा त्याच्या खोबणीची कड तुटणे हा त्याच अपघाताचा दुसरा भाग असू शकतो. गुडघ्याच्या वेदनेत तो झाकला जाऊ नये, म्हणून एक्स-रे खुब्याचाही काढावा लागतो.

तेलाने चोळून घट्ट पट्टी बांधण्याचा सल्ला मला या साऱ्यांत सर्वांत धोकादायक वाटतो. पहिल्या दोन-तीन दिवसांत आत रक्तस्राव चालू असतो; शेक आणि चोळणे यांनी तो वाढतो. मांडीच्या स्नायूला जबर मार बसलेला असताना जोर लावून मालिश केल्यास त्या स्नायूतच हाडासारखा कठीण गोळा तयार होण्याची शक्यता वाढते, आणि मग गुडघा दुमडेनासा होतो. घट्ट पट्टीचे प्रकरण याहून गंभीर आहे. गुडघ्याच्या लवणीतून पायाची मुख्य रक्तवाहिनी जाते आणि ती वर व खाली जखडलेली असल्यामुळे तिला सरकायला जागा नसते. जोराच्या धडकेत गुडघ्याचा सांधा निखळून क्षणात आपोआप जागेवर बसू शकतो. बाहेरून पाहणाऱ्याला फक्त सूज दिसते, पण दरम्यान ही रक्तवाहिनी आतून फाटलेली असू शकते. रक्तपुरवठा साधारण ६ ते ८ तासांत पूर्ववत झाला नाही तर पाय कापण्याची वेळ येण्याची शक्यता झपाट्याने वाढते. नडगीचे वरचे टोक मोडले असेल तर पोटरीच्या बंद कप्प्यांत दाब वाढूनही असेच घडते, आणि वरून आवळलेली पट्टी त्या दाबात भरच घालते. पाऊल गार किंवा पांढुरके पडणे, बधिर होणे, पंजा वर उचलता न येणे, किंवा नुसती बोटे हलवली तरी पोटरीत असह्य कळ येणे, यांपैकी काहीही दिसले तर पट्टी तिथल्या तिथे सोडून रुग्णालय गाठावे. साध्या मारासाठी फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटे, पाय उशीवर उंच आणि क्रेप बँडेज सैलसर, एवढे घरी पुरेसे आहे.

ऑपरेशनबाबत संदेश अर्धा बरोबर आहे. एकट्या पीसीएलची अर्धवट दुखापत बहुतेकदा ऑपरेशनशिवाय, मांडीच्या पुढच्या स्नायूंना बळ देऊन सांभाळता येते. त्या शिक्षकांचेही तसेच झाले. एसीएल तुटलेल्या प्रत्येकालाही शस्त्रक्रिया लागत नाही. परंतु झोपून पाय सरळ उचलताच येत नसेल, म्हणजे वाटी मोडून दुभंगली असेल किंवा तिच्या वरची वा खालची दोरी तुटली असेल, नडगीचा सपाट भाग खाली दबला असेल, किंवा एकाहून अधिक अस्थिबंध तुटले असतील, तर महिनाभर वाट पाहणे म्हणजे सोपे काम अवघड करून ठेवणे होय.

एअरबॅगचा मुद्दा थोडक्यात आटोपतो. समोरची एअरबॅग डोके आणि छाती यांच्यासाठी असते. गुडघे तिच्या खाली राहतात. काही गाड्यांत गुडघ्यांसाठी वेगळी एअरबॅग असते, पण अमेरिकेतील महामार्ग सुरक्षेच्या विमा संस्थेने २०१९ मध्ये प्रत्यक्ष अपघातांची आकडेवारी तपासली तेव्हा तिच्यामुळे दुखापतीची एकूण शक्यता ७.९ टक्क्यांवरून ७.४ टक्क्यांवर आल्याचे दिसले, आणि हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या ठोस नव्हता. शरीर पुढे घसरू न देण्याचे मुख्य काम सीटच्या पट्ट्याचेच आहे, आणि मागच्या सीटवर बसलेल्याचे गुडघेही पुढच्या सीटच्या पाठीवर आदळू शकतात.

राहिला ‘घरात पडलो’ हा सल्ला. रुग्णालयात होणारी एमएलसी (मेडिको-लीगल केस) म्हणजे जखमी माणसावर गुन्हा दाखल होणे नव्हे. रुग्णालयाने पोलिसांना कळवलेली ती नोंद असते. केंद्र सरकारने २०२५ मध्ये अधिसूचित केलेल्या विनारोकड उपचार योजनेत रस्ते अपघातातील जखमीला ७ दिवसांपर्यंत, १.५ लाख रुपयांच्या मर्यादेत उपचार मिळू शकतात, पण घरात पडलेल्याला नाही. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे भरपाई मागताना गुडघ्याचे अपंगत्व किती टक्के आहे यापेक्षा त्याने कमाईवर किती परिणाम केला हे पाहिले जाते, असे सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात स्पष्ट केले आहे. पण तो गुडघा अपघातातच दुखावला हे आधी कागदावर असावे लागते. डॉक्टरांच्या दृष्टीनेही ती माहिती कळीची आहे, कारण ‘गुडघा डॅशबोर्डवर आदळला’ हे ऐकल्यावर हात आपोआप पीसीएल आणि खुबा तपासायला जातो. त्या शिक्षकांच्या पहिल्या केसपेपरवर, त्यांच्याच सांगण्यावरून, ‘जिन्यावरून पाय घसरून पडले’ असे लिहिलेले होते, आणि त्याखाली, त्या माहितीवर कोणीही लिहिले असते तेच: मुका मार, पाच दिवस वेदनाशामक गोळ्या.