धोंड्याच्या महिन्यात जावयाकडे

15 एप्रिल 2010, गुरुवार. सकाळी साडेनऊला लेकीच्या घराच्या दारात मी नातवाला पोटाशी धरून इतकी रडले की समोरच्या घरातला पडदा हलला. तीन महिन्यांचा सहवास, सहा वर्षांचं पोर आणि गळ्याभोवती त्याचे चिकट हात. तोही रडला. लेक रडली. ह्यांनी चष्मा पुसला, म्हणजे त्यांचंही रडून झालं. जावई गाडी सुरू करून बसला होता. असा देखणा निरोप आमच्या घराण्यात आजवर कुणी घेतला नसेल.

दीड वाजता आम्ही त्याच दारात परत उभे.

लंडनच्या हीथ्रो विमानतळाच्या फलकावर वरपासून खालपर्यंत एकच शब्द होता, रद्द. आइसलँडमध्ये ज्वालामुखी फुटला होता, त्याची राख वाऱ्यावर इकडे आली होती आणि दुपारी बारापासून ब्रिटनचं आकाश बंद झालं होतं. रस्ता बंद, नळ बंद, हे आपण जाणतो. आकाश बंद हा प्रकार मी पहिल्यांदाच ऐकला.

घरात शिरलो तर आमच्या पलंगावर डायनासोर. ही खोली मुळात नातवाची. तीन महिने तो आईबापांच्या खोलीत गादी टाकून निजला होता. आमची गाडी वळणावर दिसेनाशी व्हायच्या आत त्यानं आपलं राज्य परत घेतलं असणार. आम्हाला बघून त्याचा चेहरा फुलला. मग त्याला पलंग आठवला. एकेक डायनासोर उचलून तो जिन्याखालच्या टोपलीत ठेवायला लागला तेव्हा मला दुसऱ्यांदा रडू आलं, पण ते वेगळ्या कारणानं.

त्यातून त्याच दिवशी अधिक वैशाख लागला होता. धोंड्याचा महिना! जावयाला घरी बोलवावं, अनारसे करावेत, चांदीचं काही हातावर ठेवावं, असा हा महिना. इथे सासू-सासरेच जावयाच्या घरी धोंडा होऊन बसले. मी तसं बोलूनही दाखवलं. जावई सभ्य आहे, हसला. पण "नाही हो आई, असं काय म्हणता" हे वाक्य त्यानं जरा उशिरानं उच्चारलं.

"राखेनं विमान बंद?" मी ह्यांना विचारलं. "उभा जन्म मी राखेनं भांडी घासली. चकचकीत निघायची!"

ह्यांना कुणी काही विचारलं की आनंद होतो. ही चुलीतली राख नव्हे, दगडाचा आणि काचेचा बारीक चुरा असतो, तो इंजिनाच्या उष्णतेनं वितळतो आणि आतल्या पात्यांवर चिकटून थिजतो, असं त्यांनी समजावलं. 1982 साली इंडोनेशियावरून जाणाऱ्या एका जंबो विमानाची चारही इंजिनं अशीच आकाशात बंद पडली होती. विमान तरंगत हजारो फूट खाली आलं, तेव्हा कुठे इंजिनं परत सुरू झाली, वगैरे. पुढचे चार दिवस ही कथा शेजाऱ्यांना, पोस्टमनला आणि फोनवर सगळ्या नातेवाइकांना सांगून झाली. फक्त ज्वालामुखीचं नाव आलं की ते अडखळायचे. एयाफ्यात्लायोकुत्ल! टीव्हीवरचे लोकही तिथे पोचले की घसा खाकरत. नातवाला दुसऱ्या दिवशी ते तोंडपाठ झालं, आणि "आबा, म्हणून दाखवा ना" हा घरातला नवा खेळ झाला.

बॅगा मी उघडू दिल्या नाहीत. न्हाणीघरातल्या काट्यावर आधी हे एकटे, मग बॅग घेऊन हे, अशी वजाबाकी करत मी त्या तेवीस-तेवीस किलोंवर आणल्या होत्या आणि लेकीला वर बसवून चेन लावली होती. त्यामुळे ह्यांच्या अंगात जावयाचा मॅरेथॉनचा टी-शर्ट आला. लंडन मॅरेथॉन पुढच्याच रविवारी होती. कोपऱ्यावरच्या दुकानदारानं आदरानं विचारलं, "धावणार का?" हे म्हणाले, "विमान नाही मिळालं तर इंडियापर्यंत."

रिकामपणी ह्यांनी प्रवाशांच्या हक्कांचा युरोपीय नियम शोधून काढला. क्रमांक 261. शुक्रवारी जेवताना वाचून दाखवला. असं विमान रद्द झालं तर अडकलेल्या प्रवाशाच्या हॉटेलची आणि जेवणाची सोय विमान कंपनीनं करायची, संकट अस्मानी असलं तरी.

"खरंच?" जावयानं मान वर केली. त्या एका शब्दातला आनंद मला अजून टोचतो.

मोठ्यामोठ्यांचे हाल चालले होते ही त्यातल्या त्यात सोय. जर्मनीच्या चॅन्सेलर मेर्कलबाई अमेरिकेहून निघून लिस्बन, मग रोम, पुढे रस्त्यानं अशा घरी पोचल्या. जॉन क्लीझ या विनोदी नटानं ऑस्लोहून ब्रसेल्सपर्यंत टॅक्सी केली. हे नकाशा उघडून बसले. जावई उत्साहानं इस्तंबूलपर्यंतचे टप्पे सांगू लागला, तेव्हा मी नकाशा मिटला.

शनिवारी कंपनीकडून निरोप आला, उद्याचं विमान कदाचित सुटेल. रविवारी दुसरा निरोपसमारंभ. मी बेतानं रडले. नातवानं गाल पुढे केला, डोळे टीव्हीकडेच. बॅगा गाडीत चढल्या आणि बंदी वाढली. बॅगा उतरल्या. सोमवारी त्याची शाळा उघडली, तर त्याच्या बाईसुद्धा सुट्टीत परदेशी अडकलेल्या. पोराचा समज झाला की मोठी माणसं अशीच असतात, जातो म्हणतात आणि भलतीकडेच राहतात.

घर हाउन्सलोत, विमानांच्या उतरायच्या वाटेखाली. तीन महिने दर दोन मिनिटांनी डोक्यावरून घरघर. आता आकाश निळंशार, एक पांढरी रेघ नाही, बागेत पाखरं ऐकू येतात. आणि मला शांततेनं झोप नाही! मंगळवारी रात्री दहाच्या सुमाराला ती ओळखीची घरघर आली आणि आम्ही सगळे बागेत धावलो. टाळ्या वाजवल्या. जावयाच्या सर्वांत मोठ्या. नवा नियम झाला होता म्हणे, घनमीटरमागे दोन मिलिग्रॅमपर्यंत राख चालेल. गुरुवारी कणभर चालत नव्हती. तोवर युरोपात जवळजवळ एक लाख उड्डाणं बुडाली होती आणि रांगेत आमचा नंबर लागला तो पुढच्या सोमवारी, 26 तारखेला.

त्या सकाळी नातू शाळेला निघाला. मी हात पसरले, रुमाल तयार ठेवला. त्यानं बूट चढवले, दप्तर अडकवलं आणि दारातून म्हणाला, "बाय आजी, संध्याकाळी भेटू."

मी म्हटलं, "अरे, आज खरंच चाललोय."

"हो, हो," म्हणाला आणि गेला.

घरी पोचल्यावर लेकीचा फोन आला. पलंगाची नवी चादर घातलीय, पण डायनासोर अजून जिन्याखालच्या टोपलीतच आहेत. एवढ्यात काढू नको म्हणतो. आजीचा काही भरवसा नाही.