मडगावची लोंबती गाडी आणि सदाबाबचं न्यूयॉर्क

पेपरात रेल्वेच्या दुपदरीकरणाचं पुन्हा काहीतरी आलं होतं. कोळसा, बंदर, मोर्चे, सगळं पाठ झालेलं. कुडचडे स्टेशनासमोरच्या आमच्या कट्ट्यावर गुरूने तो पेपर भज्यांखाली अंथरला आणि म्हणाला, "त्यापेक्षा खांब उभारून वरून न्या ना गाडी. जमीन तरी वाचेल."

सदाबाबला हेच हवं होतं. तो निवृत्त तारवटी, म्हणजे बोटीवरचा खलाशी. भटजी ॐ म्हणतात तसा हा प्रत्येक वाक्याआधी "न्यूयॉर्काक" म्हणतो.

"न्यूयॉर्काक थर्ड ॲव्हेन्यूवर लोखंडी पुलावरून गाडी! खिडकीतून समोरच्या घरातलं ताट दिसतं. मी बसलोय."

"आणि पुलाखालच्या रस्त्यावर दिवसासुद्धा काळोख, ते नाही दिसलं?" विश्राम म्हणाला. याची अख्खी नोकरी रुळांवर गेली, त्यामुळे गाडीचा विषय निघाला की मी ह्याचंच खरं धरतो.

दामूमास्तरांना तारखा आवरत नाहीत. "सिक्स्थ ॲव्हेन्यूचा पूल १९३८ ला बंद. सेकंडचा १९४२ पर्यंत सगळा गेला. बदल्यात सेकंडखालून भुयारी गाडी देणार म्हणाले. ती धावली १ जानेवारी २०१७ ला. तीन नवी स्टेशनं."

"म्हणजे तिथं पण आपलंच खातं!" विश्राम म्हणाला. "मोडायला गॅसकटर, बांधायला फाइल."

गुरू हटेना. "पण मडगावात आपली स्कायबस होतीच की."

"होती. दीडेक किलोमीटर. वर रूळ, खाली लोंबता डबा. २००४ च्या सप्टेंबरात चाचणीतच अपघात झाला, एक कर्मचारी गेला." विश्रामचा आवाज जरा चढला. "कल्पना कोकण रेल्वेच्या बी. राजारामांची. टक्कर टाळायचं यंत्र काढणारे तेच. माणूस हुशार, त्यात शंका नाही. पण गाडी धावणार दुसऱ्यांच्या शहरात, आणि चाचणी आमच्या डोक्यावर! नंतर किती वर्षं ते खांब नुसते उभे. पाहुणे विचारायचे, हा पूल खंय वता? काय सांगणार? मग तेही काढले."

"न्यूयॉर्काक असं..."

"तू भजी खा रे."

मास्तर एव्हाना एकोणिसाव्या शतकात पोचले होते. १८७८ चा तह, पोर्तुगिजांनी मिठाचा धंदा इंग्रजांच्या हाती दिला, त्यातून ही मुरगावची लाइन निघाली, १८८८ ला घाट चढून हद्दीवरच्या कॅसलरॉकला भिडली, सदतीसाला एक असा चढ, मागून इंजिन लावल्याशिवाय गाडी चढत नाही. शिवाय धंदा तोट्यातला, म्हणून १९०२ ला सदर्न मराठा रेल्वेकडे चालवायला दिली.

"मास्तर, हे नववीत शिकवलं असतं तर मी पास झालो असतो," गुरू म्हणाला.

"शिकवलं होतं. तू पुलाखाली कुर्ल्या धरत होतास."

हसणं ओसरल्यावर विश्राम म्हणाला, "वरच्या गाडीचं कौतुक मला सांगू नका. जमिनीवरची तुटली तेव्हा काय झालं ते बघा. माझ्या आयेचं माहेर लोंढ्याला, हद्दीपलीकडे. १९५५ ला पोर्तुगिजांनी गोवामुक्तीच्या सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या, म्हणून भारताने कॅसलरॉकहून गाडी तोडली. आये त्यानंतर माहेरी गेली ती मुक्ती झाल्यावर. मधे आजा वारला. तिला चिठ्ठी मिळाली ती दिवस उलटून गेल्यावर." त्याने चहाचा घोट घेतला. "नकाशावर ती लाइन तेव्हाही होती."

कोणी काही बोललं नाही. मास्तरच ते. गप्प बसणं त्यांना जमत नाही.

"योगायोग बघा. थर्ड ॲव्हेन्यूची गाडीसुद्धा मॅनहॅटनात १९५५ लाच बंद झाली. १२ मे." मग चष्मा वर करून, "सदा, तुझा जन्म कधीचा?"

"त्रेपन्नचा."

"म्हणजे पाळण्यातून बसलास?" विश्राम.

सदाबाब क्षणभर अडकला. पण समुद्रावरचा माणूस, बुडतो थोडाच. "मी ब्राँक्समधल्या तुकड्यात बसलो! तो चालू होता. होय की नाही मास्तर?"

मास्तरांनी नाइलाजाने मान हलवली. "होता. १९७३ पर्यंत."

"बघ!" सदाबाबने मांडीवर थाप मारली. "मास्तर सांगतात!"

"आणि तू बोटीवर कधी चढलास?" विश्रामने अगदी गोड आवाजात विचारलं.

"चौऱ्याहत्तरला," सदाबाब तोऱ्यात म्हणाला.

गुरूच्या नाकातून चहा आला. दुपदरीकरणाचा पेपर पुसायला घेतला.