साडेसोळा लाख फॉर्म आणि घरभर लाह्या

तरुणपणी आवडलेला सिनेमा घरच्यांना दाखवणं हे लग्नाचं स्थळ दाखवण्यापेक्षा अवघड काम आहे. स्थळ नापसंत पडलं तर निदान पत्रिकेवर ढकलता येतं. सिनेमा नापसंत पडला की थेट आपली अक्कल निघते. "हे तुम्हाला आवडायचं?" या प्रश्नात 'हे'वर जोर असतोच, पण त्याहून जास्त तो 'तुम्हाला'वर असतो.

तरी माझी खोड जात नाही. शनिवारी रात्री जेवणं आटोपली, रिमोट चुकून माझ्या हाती लागला की मी 'रिअल जीनियस'चा विषय काढतो. १९८५चा अमेरिकन विनोदी सिनेमा. दिग्दर्शिका मार्था कूलिज, नायक व्हॅल किल्मर. हाच किल्मर पुढच्या वर्षी 'टॉप गन'मध्ये आइसमॅन झाला आणि मग त्याला हसताना फारसं कुणी पाहिलं नाही. २०२५च्या एप्रिलमध्ये तो गेला तेव्हा मी घरात जाहीर केलं, की आज श्रद्धांजली म्हणून तरी हा सिनेमा बघायचाच.

"तुझ्या ओळखीतले होते का रे?" आईने विचारलं.

"नाही गं, नट होता. अमेरिकेतला."

"मग ठीक. मी उद्या पापडाचं पीठ भिजवणार आहे."

अशा रीतीने सुतकाचा प्रश्न निकाली निघाल्यावर सगळे बसले. बायको घड्या घालायचे कपडे घेऊन, चिरंजीव मोबाईल घेऊन, आई जपमाळ घेऊन. संपूर्ण एकाग्रतेने बसलेला मी एकटाच.

कथा सांगून टाकतो, कारण मला तिथेही ती सांगावीच लागली. पॅसिफिक टेक नावाचं एक कॉलेज. नाव काल्पनिक, पण बेतलंय कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीनाच्या कॅलटेक या नामांकित विज्ञान-तंत्रज्ञानाच्या कॉलेजवर. तिथे पंधरा वर्षांचा मिच नावाचा हुशार पोरगा दाखल होतो. त्याचा रूममेट ख्रिस, म्हणजे किल्मर, एके काळचा असाच बालबुद्धिमान. आता मात्र डोक्यावर चमत्कारिक वस्तू घालून हिंडणारा आणि कशाचंच टेन्शन न घेणारा. दोघांना जुंपलंय प्राध्यापक हॅथवेने, एक जबरदस्त लेझर बनवायला. पोरांना वाटतं आपण संशोधन करतोय. प्रत्यक्षात सीआयएला आकाशातून नेमका एक माणूस टिपून जाळणारं हत्यार हवं असतं, आणि त्या कामासाठी आलेल्या पैशात प्राध्यापकसाहेब स्वतःच्या घराचं काम काढून बसलेले असतात.

"म्हणजे 'थ्री इडियट्स'सारखाच की," बायको म्हणाली.

या वाक्याला मी दरवेळी घाबरून असतो. कारण ते अर्धं खरं आहे. दोन्हीकडे खडूस प्राध्यापक आहे, होस्टेल आहे, खिदळणारा हुशार नायक आहे. पण 'थ्री इडियट्स'ला शेवटी राहवत नाही. आपला खोडकर रँचो नावावर चारशे पेटंट असलेला शास्त्रज्ञ निघतो, तेव्हा कुठे थिएटरातले आईबाप सुटकेचा नि:श्वास टाकतात. खेळला, मस्ती केली, पण अखेर 'सेटल' झाला हो! 'रिअल जीनियस'मधल्या सर्वांत हुशार माणसाचं काय होतं? तो बक्षिसात मोठी फिरत्या घरासारखी गाडी जिंकतो आणि निघून जातो.

त्याचं नाव लॅझ्लो. सत्तरच्या दशकात कॉलेजातला सर्वांत तल्लख विद्यार्थी. आपल्या संशोधनातून शस्त्रं बनतात हे कळल्यावर डोकं फिरलं, आणि आता मिच-ख्रिसच्या खोलीतल्या कपाटातून खाली उतरून होस्टेलच्या तळघरात राहतो. दाढीवाला, अबोल. मध्येच कपाटातून येतो, मध्येच कपाटात जातो. खाली बसून काय करतो? एका चिप्सच्या कंपनीच्या बक्षीस योजनेचे फॉर्म भरतो. हवे तितके फॉर्म पाठवा असा नियम असतो. हा यंत्र लावून साडेसोळा लाख पाठवतो आणि ३२.६ टक्के बक्षिसं आपल्यालाच मिळतील असा हिशेब मांडतो.

चिरंजिवांनी इथे पहिल्यांदा मान वर केली. अकरावीत आहेत, जेईईच्या क्लासला जातात, त्यामुळे टक्केवारी ऐकली की कान टवकारतात. "फेक आहे," ते म्हणाले, आणि मोबाईलमध्ये शिरले. दोन मिनिटांनी आवाज आला, "बाबा, हे खरंच झालंय!"

झालंयच. १९७५मध्ये कॅलटेकच्या पोरांनी मॅकडोनाल्ड्सच्या अशाच योजनेचे नियम नीट वाचले, कॉलेजच्या कॉम्प्युटरवर सुमारे बारा लाख फॉर्म छापून काढले आणि साधारण पाचवा हिस्सा बक्षिसं पदरात पाडून घेतली. त्यात एक मोटारही होती. त्या कॉलेजची ही परंपराच आहे. १९६१च्या रोझ बोल या अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात वॉशिंग्टनच्या प्रेक्षकांनी रंगीत पुठ्ठे वर धरून आपल्या संघाचं नाव उमटवायचं होतं, तिथे कॅलटेकवाल्यांनी सूचनापत्रकंच बदलून टाकली आणि वॉशिंग्टनच्या समर्थकांनी मोठ्या उत्साहाने 'कॅलटेक' असं लिहून दाखवलं. राष्ट्रीय टीव्हीवर. १९८४मध्ये, म्हणजे या सिनेमाच्या साधारण दीड वर्ष आधी, त्याच मैदानाच्या धावफलकावर गुण झळकले: कॅलटेक ३८, एमआयटी ९. मैदानात खेळत होते भलतेच दोन संघ.

हे सगळं मी इतक्या तन्मयतेने सांगत होतो की पडद्यावर सिनेमा दहा मिनिटं पुढे गेला. "अहो, तुम्ही बोलता की आम्ही बघू?" या प्रश्नाला मी नेहमीप्रमाणे रिमोटने मागे जाऊन उत्तर दिलं.

मागे जायलाच हवं होतं, कारण माझा लाडका प्रसंग तिथे होता. वर्गात प्राध्यापक शिकवतोय, एक-दोन मुलांनी स्वतः न येता बाकावर टेपरेकॉर्डर ठेवलाय. पुढच्या वेळी टेपरेकॉर्डर वाढलेले. मग मिच एकटाच माणूस. आणि अखेरीस प्राध्यापकाच्या टेबलावरही मोठा टेपरेकॉर्डर, तो शिकवतोय, बाकीचे टेपरेकॉर्डर ऐकतायत. मी मांडीवर थाप मारून हसलो. चिरंजीव ढिम्म.

"यात जोक काय?" तो म्हणाला. "आमचे फिजिक्सचे सर रेकॉर्डेडच असतात. मी दुप्पट स्पीडने बघतो."

चाळीस वर्षांत विनोदाची दिनचर्या झालेली पाहून मी जरा वेळ गप्प बसलो. घरात शांतता पसरल्यामुळे सगळ्यांना सिनेमा नीट ऐकू येऊ लागला.

आईला मात्र जॉर्डन आवडली. ही त्यांच्यातली एकुलती एक मुलगी, कधी झोपतच नाही आणि एका दमात इतकं बोलते की ऐकणाऱ्याला धाप लागते. मिचला बघते काय, त्याच्यासाठी स्वेटर विणते काय, आणि तो द्यायला थेट मुलांच्या बाथरूममध्ये पोचते काय. बायकोने भुवया उंचावल्या. आई म्हणाली, "गुणी आहे. विणलेलं वेळेवर देते. तुझ्या आत्याने माझा स्वेटर दोन थंड्या लोंबवला होता."

ऐंशीच्या दशकातच हे हुशार पोरांचं आणि हत्यारांचं खूळ सिनेमात एकदम कुठून आलं, असं बायकोने कधी नव्हे ते विचारलं. मी संधी साधली. १९८३च्या मार्चमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रेगनसाहेबांनी भाषण करून शत्रूची क्षेपणास्त्रं वरच्या वर पाडण्याचं स्वप्न दाखवलं, वर्तमानपत्रांनी त्याला 'स्टार वॉर्स' म्हटलं. त्याच वर्षी 'वॉरगेम्स'मध्ये एका शाळकरी पोराने घरच्या कॉम्प्युटरवरून जवळजवळ अणुयुद्ध लावून दिलं. चष्मा लावून कोपऱ्यात बसणाऱ्या पोराच्या हातात जग आहे, हे तेव्हा हॉलिवूडच्या लक्षात आलं. त्याआधी तो पोरगा फक्त नायकाकडून टपली खायला असायचा.

त्याच लाटेतला १९८४चा 'रिव्हेंज ऑफ द नर्ड्स' मी घरी लावत नाही. तेव्हा तोही गाजला होता. पण त्यात हुशार पोरांना हवं काय असतं, तर दांडगटांच्या जागी बसायचं. आणि त्यातला नायक मुखवटा घालून एका मुलीला फसवतो तो प्रसंग सिनेमा हसण्यावारी नेतो. आज तो मुलासमोर बसून बघणं मला जमणार नाही आणि बघू नयेच. १९८६चा 'बॅक टू स्कूल' मात्र फर्मास. त्यात एक गडगंज म्हातारा मुलाच्या कॉलेजात प्रवेश घेतो. अमेरिकन कादंबरीकार कर्ट व्हॉनेगटवर निबंध लिहायचा असतो, तर हा साक्षात व्हॉनेगटलाच पैसे देऊन लिहून घेतो. व्हॉनेगट पडद्यावर स्वतः येऊन जातात. बाई निबंध नापास करतात: ज्याने हा लिहिलाय त्याला व्हॉनेगटमधलं ओ की ठो कळत नाही!

हे आठवलं की मला आमचं कॉलेज आठवतं. मी महाराष्ट्रातल्या एका आडगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजातला. आमच्याकडे लेझर नव्हता, जीटी होती. जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. ज्यांनी मारली आहे त्यांना सांगायला नको, ज्यांनी मारली नाही त्यांनी इंजिनिअरिंग केलेलं नाही. दोन बाजूंना जाडजूड पुस्तकांच्या चळती (त्या पुस्तकांचा वर्षभरातला हा एकमेव उपयोग), त्यावर खिडकीची उतरवलेली काच, काचेखाली उघडा बल्ब. काचेवर मित्राची पूर्ण झालेली ड्रॉइंग शीट, तिच्यावर आपली कोरी शीट, चारी कोपऱ्यांना सेलोटेप. रात्री दोनला मे महिन्याच्या उकाड्यात त्या बल्बवर ओणवं व्हायचं आणि घाम शीटवर पडू न देता टू-एच पेन्सिलीने रेघा गिरवायच्या. एकदा मूळ शीटच चुकीची निघाली. समोरचं दृश्य वर आणि वरचं खाली हवं, तर पठ्ठ्याने उलटं काढलेलं. व्हायव्हाला सरांनी एकामागून एक शीट उघडली आणि शेवटी विचारलं, "तुमच्यातला ओरिजिनल गाढव कोण, तेवढं सांगा."

सबमिशन चुकवण्यासाठी आम्ही जेवढं डोकं चालवलं, त्याच्या निम्म्यात सबमिशन झालं असतं. पण त्यात मजा आली नसती. पुढे केबलवर इंग्रजी चॅनेल नवी नवी आली, तेव्हा एका रात्री अवचित 'रिअल जीनियस' लागला. होस्टेलच्या पॅसेजमध्ये बर्फ करून घसरणारी पोरं, हॅथवेच्या केंट नावाच्या चमच्याची अख्खी मोटार त्याच्याच खोलीत नेऊन उभी करणारी पोरं. वाटलं, ही तर आपलीच माणसं. फक्त यांचं बजेट मोठं.

शेवट आला. पोरं लेझरचा नेम बदलतात आणि तो सुटतो थेट हॅथवेच्या नव्याकोऱ्या घरावर. घरात आधीच मक्याचे दाणे भरून ठेवलेले. हॅथवेला पॉपकॉर्नचा तिटकारा असतो, हे सिनेमाने मघाशीच सांगून ठेवलेलं. घर फुगतं, दारं-खिडक्या फुटतात, पांढरा डोंगर अंगणात ओतला जातो. गाणं सुरू होतं.

"टीव्हीवरच्या मिथबस्टर्सवाल्यांनी २००९मध्ये ट्राय केलंय," चिरंजीव मोबाईलमधून म्हणाले. "पॉपकॉर्नने घर फुटत नाही."

"अरे, पण किती मका लागेल ते तरी काढ!"

झालं. पोराने कागद ओढला. घराची लांबी-रुंदी अंदाजे धरली, दाणा फुटल्यावर किती पट होतो ते हवं म्हणाला, मोबाईलवरचा आकडा त्याला पटेना. रात्री साडेअकराला बापलेक स्वयंपाकघरात. वाटीने मका मोजला, कुकरमध्ये टाकला, शिट्टी न लावता झाकण आडवं ठेवलं. त्याने पातेल्यावर पेनने खुणा केल्या.

"उद्या सकाळी सातला टेस्ट आहे त्याची," दारात उभी राहून बायको म्हणाली. "आणि ते घर कोण झाडणार होतं, ते दाखवलंच नाही तुमच्या सिनेमात."

आई अजून टीव्हीसमोरच होती. आमच्याकडे न बघताच ती म्हणाली, "एवढा डोंगर लाह्यांचा, आणि एका मेल्याला वाटलं नाही, चिमूटभर हळद-मीठ घालून फोडणी द्यावी."