आमच्या पोरांना क्विझला जाऊ द्या

आज दुपारी शाळेच्या पालक ग्रुपवर निरोप आला. आंतरशालेय क्विझला यंदा नववी-दहावीची टीम जाणार नाही, 'अभ्यासावर परिणाम होतो'. खाली अंगठेच अंगठे. एका बाबांनी वर लिहिलं, "गुगलवर सगळं मिळतं, पाठांतर करून उपयोग काय?" त्यालाही अंगठे! माझा मुलगा आणि त्याचा जोडीदार कित्येक दिवस संध्याकाळी जिन्यात बसून एकमेकांना प्रश्न विचारत होते. त्या दोघांना कुणी विचारलंसुद्धा नाही. डोकं भणभणलंय, म्हणून लिहितेय.

क्विझ म्हणजे पाठांतर असं ज्याला वाटतं, त्याने शाळेची टीम टेबलाशी बसलेली कधी पाहिलेलीच नाही.

आम्ही पाहिलीय. नव्वदच्या दशकात फलटणला आमच्या आळीत केबल एकाच घरात होती आणि झी टीव्हीवर बोर्नव्हिटा क्विझ काँटेस्ट लागलं की त्या काकूंच्या पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसायची. प्रश्न विचारणाऱ्या डेरेक ओब्रायनचं इंग्रजी आम्हाला निम्मं कळायचं. पण ब्लेझर घातलेली दोन मुलं डोकी जवळ घेऊन कुजबुजायला लागली की अख्खी खोली गप्प व्हायची. हे काँटेस्ट 1972 साली सुरू झालं. रेडिओवर ते आधी हमीद सयानी घ्यायचे आणि त्यांच्यानंतर अमीन सयानी. ज्या आवाजात देश गाणी ऐकायचा, त्याच आवाजात शाळकरी पोरांना प्रश्न विचारले जायचे! 1992 ला ते टीव्हीवर आलं आणि आमच्यासारख्यांना पहिल्यांदा दिसलं की हुशार पोरं अशी असतात, त्यांच्यासाठीसुद्धा टाळ्या वाजतात.

हो, प्रायोजकाला दुधात घालायची पावडर खपवायची होती. खपवू देत की.

तेच बघून आमच्या सरांनी मराठी माध्यमाच्या आमच्या शाळेची टीम काढली. मी आणि माझी मैत्रीण. मी पेपर वाचणारी, राजकारण, खेळ, पुरस्कार माझ्याकडे. तिचे वडील एसटीत कंडक्टर. तिच्या घरी पुस्तकं फारशी नव्हती, पण कुठली गाडी कुठल्या गावाहून कुठे जाते, वाटेत कुठली नदी लागते, कुठे जत्रा भरते, हे तिच्या जिभेवर. साताऱ्याला जिल्ह्याच्या फेरीत प्रश्न आला, नीरा आणि भीमा यांचा संगम कुठे? आधीच्या दोन टीम्सनी पास केला. मला येत नव्हतं. तिने टेबलाखाली माझं मनगट घट्ट धरलं आणि कानात म्हणाली, "नरसिंगपूर. बाबांची गाडी जाते तिथं."

हे पाठांतर होतं का? सांगा ना.

त्या पोरीला वर्गात कुणी हुशार म्हणत नव्हतं. गणितात जेमतेम पास. पण त्या दिवशी सभागृहातल्या लोकांना कळलं की तिला काय काय ठाऊक आहे. आम्ही दुसऱ्या आलो. ढाल नाही मिळाली, पण तिचे वडील गणवेशातच आले होते, मागे उभे होते, आणि ते बाबा इतक्या जोरात टाळ्या वाजवत होते की परीक्षकांनी वळून पाहिलं.

पुढे 2000 साली करोडपती आलं. त्यामागे सिद्धार्थ बासू. याच माणसाने 1985 साली दूरदर्शनवर 'क्विझ टाइम'मध्ये कॉलेजच्या टीम्स आमनेसामने बसवल्या होत्या. करोडपती मीही बघते, चांगलं असतं, नाही म्हणत नाही. पण तिथे खुर्ची एक आणि बक्षीस पैशाचं. फोन करून विचारता यायचं, मान्य. पण शेजारी बसून मनगट धरणारं कुणी नाही. आणि आज टीव्हीवर लहान मुलांसाठी काय आहे? गा, नाच, परीक्षकांसमोर रड. गाणारी-नाचणारी पोरं गुणीच आहेत, त्यांच्याबद्दल काही नाही. पण ज्याला नद्या खडानखडा ठाऊक आहेत, त्या पोराने कुठे जायचं?

तिकडे अमेरिकेत वॉशिंग्टनमध्ये 'इट्स अकॅडमिक' ही टीव्हीवरची शाळांची क्विझ 1961 पासून चालू आहे. हायस्कूलच्या तीन-तीन मुलांच्या टीम्स, आणि त्यांना ओरडून पाठिंबा द्यायला शाळेचा बँड येतो. बँड! सामान्यज्ञानाच्या स्पर्धेला! आपल्याकडे दहीहंडीला डीजे लागतो, पण शाळेच्या टीमला साधी गाडी करून पाठवायला पैसे नसतात.

बोर्नव्हिटामध्ये बहुतेक मोठ्या शहरांतल्या इंग्रजी शाळाच दिसायच्या, हे खरंय, आणि ते मला तेव्हाही सलायचं. म्हणून तर म्हणते, दूरदर्शन सह्याद्रीने मराठीतून करावं. जिल्हा परिषदेच्या शाळा, आश्रमशाळा, सगळ्यांच्या टीम्स. गडचिरोलीची टीम आणि सिंधुदुर्गची टीम समोरासमोर बसलेली मला बघायचीय. एकीला जंगल ठाऊक, दुसरीला समुद्र. मी रोज टीव्हीसमोर बसेन.

आता लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. त्या बाबांचं भय मला कळतं. नीटचं, जेईईचं, क्लासच्या फीचं. मलाही रात्री झोप लागत नाही. पण दोन पोरं मोबाईल बाजूला ठेवून जिन्यात बसून एकमेकांना नद्या विचारतायत आणि त्यांना आपण नको म्हणतोय, हे मला पटत नाही, पटणार नाही.

मैत्रिणीला मघाशी फोन केला होता. ती म्हणाली, "तू एकटी जाऊ नकोस, चार जणी जा." बरोबर आहे तिचं. तर उद्या सकाळी साडेआठला मी मुख्याध्यापिका बाईंना भेटायला जातेय. ज्यांची मुलं याच शाळेत आहेत त्यांनी गेटपाशी या. पोरांना न्यायची-आणायची गाडी मी बघते, फक्त दोन मोठी माणसं सोबत हवीत. आणि सह्याद्रीत कुणाची ओळख असेल तर इनबॉक्समध्ये सांगा, पत्र लिहून तयार आहे.