कामा हॉस्पिटल मादाम कामांचं नव्हे

भाची चर्चगेटला विद्यापीठाच्या मादाम कामा वसतिगृहात राहायला गेली. तिने पाटीचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला आणि तासाभरात नानाकाकांनी तो जुनाच मेसेज फिरवला: ‘कामा हॉस्पिटल बांधणाऱ्या, 1907 साली जर्मनीत आजचा तिरंगा फडकवणाऱ्या आणि पॅरिसमध्ये बेवारस मेलेल्या मादाम कामा. पुढे पाठवा.’ मी पाठवला नाही.

हॉस्पिटलचं आधी उरकतो. ते पेस्तनजी होरमसजी कामांच्या देणगीतून उभं राहिलं आणि 1886 साली सुरू झालं. मादाम कामांचं, म्हणजे भिकाईजींचं, तेव्हा नुकतं लग्न झालं होतं. त्यांचे सासरे खरशेदजी कामा हे आणखी तिसरेच. लायन गेटसमोरची कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट त्यांच्या नावाची. फोर्टात ‘कामा’ दिसलं की बाईंच्या खात्यात टाकायचं, असा हा हिशेब.

तिरंग्याचं मात्र नीट सांगायला हवं. 22 ऑगस्ट 1907 रोजी स्टुटगार्टच्या समाजवादी परिषदेत त्यांनी झेंडा फडकवला, हे खरंच. पण तो कसा होता? वर हिरवा पट्टा, त्यात आठ कमळं. मधल्या पिवळसर केशरी पट्ट्यावर देवनागरीत ‘वंदे मातरम्’. खाली तांबडा, त्यावर सूर्य आणि चंद्रकोर. पांढरा पट्टा नाही की चक्र नाही. आजचा तिरंगा संविधान सभेने स्वीकारला 22 जुलै 1947 रोजी. मेसेजच्या चित्रात मात्र बाईंनी अशोकचक्र चाळीस वर्षं आधीच हातात धरलंय! खरा झेंडा स्वातंत्र्यसैनिक इंदुलाल याज्ञिकांनी लपवून भारतात आणला. तो पुण्यात केसरी वाड्यात आहे. काका दर महिन्याला पुण्याला जातात.

राहिलं पॅरिस. प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना बाईंना स्वतःलाच प्लेग झाला आणि पुढे तब्येतीसाठी त्या विलायतेला गेल्या. पक्षाघात झाल्यावर, राजकारणात पडणार नाही असं सरकारने लिहून घेतलं, तेव्हा कुठे 1935 च्या अखेरीस त्यांना मुंबईत परतता आलं. 13 ऑगस्ट 1936 रोजी त्या इथेच, पारशी जनरल हॉस्पिटलात गेल्या. आणि बेवारस? बरीचशी मालमत्ता त्यांनी अवाबाई पेटिट अनाथाश्रमातल्या मुलींसाठी ठेवली होती.

काकांनी माझ्या या उत्तरावर अंगठा दिलाय. मेसेज अजून तसाच आहे.