‘बंद करा’ सांगून झाल्यावर पुढे काय?

गेल्या महिन्यात आमच्या शाळेच्या ग्रुपवर दोन दिवस जोरदार वादावादी झाली. निमित्त काय, तर एका मित्राच्या मुलाच्या कॉलेजमधे पोरांच्या बॅगांत व्हेप, म्हणजे ई-सिगारेटी, सापडल्या. मग एकाचं म्हणणं, 2019 पासून देशात ई-सिगारेट विकायला बंदी आहे तरी मिळतेच कशी, विकणाऱ्याला आत टाका आणि पोरांना कॉलेजातून काढा. दुसऱ्याचं म्हणणं, बंदीने काय होतं, महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, थांबला का गुटखा? आणि मग सगळे माझ्याकडे वळले, "तुमच्या इंग्लंडात तर सरकारच व्हेप फुकट वाटतंय म्हणे, खरं का गं?" आणि या सगळ्याच्या मधेमधे कोणीतरी येऊन सांगून जात होतं की मनावर घेतलं की सुटतं, आमच्या काकांनी एका दिवसात सोडली.

ग्रुपवर एवढं सगळं टाइप करणं शक्य नव्हतं, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

मी गेली नऊ वर्षं इंग्लंडमधे एका फार्मसीत काम करतेय, आणि त्यातली सहा वर्षं लोकांना सिगारेट सोडायला मदत करणारी ॲडव्हायजर म्हणूनसुद्धा. काउंटरच्या मागे एक छोटी खोली आहे, दोन खुर्च्या आणि एक टेबल मावतं एवढीच, तिथे आठवड्यातून दोन दुपारी मी बसते. आणि दुसऱ्या बाजूला माझा सख्खा मोठा भाऊ, महाराष्ट्रात, वय बावन्न, गेली तीस वर्षं तंबाखू. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी नुसता चर्चेचा नाहीये.

दोन वर्षांपूर्वी दादाच्या गालात आतून पांढरा चट्टा आला. वहिनी त्याला घेऊन डॉक्टरांकडे गेल्या आणि केस पेपरचा फोटो मला पाठवला. त्यात तपासणी होती, औषधं होती, परत कधी यायचं ते होतं, आणि सगळ्यात खाली एक ओळ, दोनदा अधोरेखित केलेली, ‘टोबॅको स्टॉप’. बस. मी तो फोटो झूम करकरून पाहिला, की अजून काही लिहिलंय का, एखादा नंबर, एखादी गोळी, कोणाकडे जा असं काही. नव्हतं. मी फोन केला तर दादा म्हणाला, "अगं, डॉक्टर बोलले बंद करा, मी केली की बंद." तीन दिवस टिकलं. चौथ्या दिवशी वहिनींवर ओरडला, झोप नाही, डोकं ठणकतंय, कामात लक्ष लागेना, आणि संध्याकाळी परत सुरू. आणि मग महिनाभर तो मला फोनच करेना, लाज वाटत होती म्हणून.

मला त्या डॉक्टरांना दोष द्यायचा नाहीये. बाहेर पन्नास पेशंट बसलेले असतात. पण तीच केस शुगरची असती तर नुसतं ‘शुगर स्टॉप’ लिहून पाठवलं असतं का? डोस लिहिला असता, पंधरा दिवसांनी या म्हटलं असतं. तंबाखूचं व्यसन हा आजार आहे हे आपण भाषणात म्हणतो पण केस पेपरवर मात्र ती अजून वाईट सवयच आहे, आणि सवय म्हणजे ज्याची त्याने सोडायची.

इथलं मी शिकले ते आधी सांगते. इंग्लंडमधे सिगारेट सोडवण्याची सरकारी सेवा 1999 च्या सुमाराला सुरू झाली, आणि 2009 ला फक्त या कामाचं ट्रेनिंग देणारी राष्ट्रीय संस्था निघाली. मी तिथलंच ट्रेनिंग केलंय. त्यातला सगळ्यात पहिला धडा अर्ध्या मिनिटाचा आहे, शब्दशः तीस सेकंदांचा. नर्स असो, दातांचे डॉक्टर असोत, फार्मसीतली मुलगी असो, समोर आलेल्या माणसाला तीन गोष्टी करायच्या: ओढता का विचारायचं, सोडायचा सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे आधार आणि औषध दोन्ही एकत्र हे सांगायचं, आणि हवं असेल तर तिथल्या तिथे पुढच्या माणसाशी जोडून द्यायचं. लक्षात घ्या, यात "सिगारेट वाईट असते" हे कुठेच नाहीये. मला ट्रेनिंगमधे हे फार चमत्कारिक वाटलं होतं, कारण आपल्याकडे पहिलं वाक्य तेच असतं. पण ओढणाऱ्याला ते माहीत असतं हो, पाकिटावर अर्ध्याहून जास्त जागेत फोटो छापलेला असतो, तो तुमच्याकडून ते ऐकायला आलेला नसतो. "वाईट आहे, सोडा" म्हटलं की तो मान खाली घालतो आणि पुढच्या वेळी खोटं बोलतो. "सोडायला मदत मिळते, नाव देऊ का?" म्हटलं की वर बघतो. हा फरक मी या खोलीत इतक्या वेळा पाहिलाय की आता घरच्यांशी बोलतानासुद्धा माझी वाक्यं बदललीत.

एक ट्रकवाले गृहस्थ आठवतात. दिवसाला पंचवीस सिगारेटी, पहिली डोळे उघडल्यावर पाच मिनिटांत. हा प्रश्न आम्ही प्रत्येकाला विचारतो, उठल्यापासून पहिली किती वेळात, कारण व्यसन किती घट्ट आहे ते दिवसाच्या आकड्यापेक्षा यातून जास्त कळतं. आमच्याकडे श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजायचं छोटं मशीन असतं, पंधरा सेकंद श्वास रोखायचा आणि मग सावकाश फुंकायचं. त्यांचा आकडा आला 27, दहाच्या खाली आला म्हणजे सोडली असं आम्ही धरतो. मी काही बोलले नाही, त्यांनीच दोनदा विचारलं, हे माझ्या रक्तात आहे? मग तारीख ठरवली, कातडीवर चिकटवायचा निकोटीनचा पॅच दिला आणि त्याच्या जोडीला तलफ आली की वापरायला निकोटीनचा स्प्रे, कारण नुसत्या पॅचपेक्षा दोन्ही मिळून जास्त चालतात, आणि सांगितलं की त्या तारखेनंतर एक झुरका पण नाही, ‘एकच’ असं काही नसतं. पुढच्या आठवड्यात ते आले आणि फुंकलं तर 3. एवढा धिप्पाड माणूस, त्या मशीनच्या स्क्रीनचा फोटो काढून त्याने बायकोला पाठवला. दोन महिन्यांनी एका मयतीला जाऊन आले आणि परत सुरू झाली. परत आले, परत तारीख ठरवली. त्यांना कोणी नापास केलं नाही, आणि माझ्या मते सगळं मर्म यात आहे.

स्वतःच्या बळावर, काहीच मदत न घेता सोडणाऱ्यांपैकी वर्षभर टिकणारे शंभरात तीन ते पाच असतात. म्हणजे ग्रुपवरचे ते काका आहेत, खरेच आहेत, आणि मला त्यांचं मनापासून कौतुक आहे, पण ते शंभरातले पाच आहेत, उरलेल्या पंच्याण्णवांना आपण काय मन नाही असं म्हणायचं का? निकोटीन दोनतीन तासांत शरीरातून उतरायला लागतं, मेंदूला ते हवं असतं, म्हणून चिडचिड होते, झोप जाते, भूक वाढते, आणि हे सगळं पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त असतं आणि तीनचार आठवड्यांत बऱ्यापैकी ओसरतं. हे एवढं जरी दादाला कोणी आधी सांगितलं असतं तरी चौथ्या दिवशी तो म्हणाला असता की हा चौथा दिवस आहे. त्याला वाटलं आपल्यालाच जमत नाही.

आता इंग्लंडची आरती ओवाळायची नाहीये मला. 2013 मधे ही सेवा स्थानिक कौन्सिलांकडे गेली आणि पुढे पैसे कापले, काही ठिकाणी ती जवळजवळ नावालाच उरली. व्हॅरेनिक्लिन ही सिगारेट सोडवायची गोळी, आमच्याकडचं एक सगळ्यात चांगलं औषध, त्यातल्या अशुद्धतेमुळे 2021 ला बाजारातून गेलं ते 2024 च्या शेवटी परत आलं, मधली तीन वर्षं लोक येऊन नाव घेऊन मागायचे आणि आम्ही नाही म्हणायचो. आणि व्हेपचं म्हणाल तर हो, 2023 ला सरकारने जाहीर केलं की दहा लाख सिगारेट ओढणाऱ्यांना व्हेपचं किट देणार, सिगारेटच्या बदल्यात. मोठ्या माणसांसाठी ते चालतं, निकोटीनचे व्हेप पॅच-गमपेक्षा जास्त जणांना सिगारेट सोडायला मदत करतात याचे अभ्यास भक्कम आहेत आणि मी स्वतः पाहिलंय. पण त्याच काळात ज्यांनी आयुष्यात सिगारेट धरली नव्हती त्या शाळकरी पोरांच्या हातात रंगीबेरंगी डिस्पोजेबल व्हेप आले, आणि ते बंद व्हायला 1 जून 2025 उजाडला. तेव्हा ग्रुपवरचा ‘इंग्लंड बघा’ म्हणणारा आणि ‘इंग्लंडचं वाटोळं झालं’ म्हणणारा, दोघांकडे अर्धी अर्धी गोष्ट आहे.

मागच्या हिवाळ्यात एक सतरा वर्षांची मुलगी आईसोबत आली होती. मी तिला माझ्या सवयीने विचारलं, दिवसाला किती? ती गप्प. मग मला कळलं की माझा प्रश्नच चुकलाय. सिगारेट संपते, विझवावी लागते, दिवसाला दहा की वीस मोजता येतात. व्हेप संपतच नाही, वर्गात बाहीत लपवून, अंघोळीला जाताना, झोपताना उशीखाली. मग विचारलं रात्री जाग आली तर ओढतेस का, तर आईकडे न बघता हो म्हणाली. आईला ते माहीत नव्हतं. या पोरांसाठी आमचं ट्रेनिंग पण अजून नवं आहे, निकोटीन टप्प्याटप्प्याने कमी करत जायचं, दोन वेळांमधलं अंतर वाढवायचं, उशीखालून ती वस्तू आधी दुसऱ्या खोलीत न्यायची. 2025 मधे अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सचा एक अभ्यास आला, 16 ते 25 वयाच्या व्हेप करणाऱ्यांना व्हॅरेनिक्लिन आणि सोबत समुपदेशन दिलं तर बारा आठवड्यांच्या उपचाराच्या शेवटच्या महिनाभरात 51 टक्के जण व्हेपशिवाय राहिले, खोटी गोळी दिलेल्यांत 14 टक्के. म्हणजे यावर उपचार आहे. मग माझा ग्रुपला प्रश्न आहे, ज्या पोरांच्या बॅगेत व्हेप सापडले त्यांना कॉलेजातून काढलं, पुढे काय? त्यांच्या मेंदूला निकोटीन हवंच आहे. बंदी विकणाऱ्यावर असावी, कडक असावी, माझा पाठिंबा आहे, पण पोरगं जर शिक्षेच्या भीतीने डॉक्टरसमोरसुद्धा कबूल करणार नसेल तर त्याच्यापर्यंत मदत पोचणार कशी?

आणि आपल्याकडे मुळात प्रश्न वेगळा आहे हे पण इथून बघणाऱ्यांनी विसरू नये. 2016-17 च्या सरकारी सर्व्हेत देशातले 28.6 टक्के प्रौढ तंबाखू घेणारे होते आणि त्यातले बहुतेक न ओढणारे, चघळणारे किंवा दातांना लावणारे. मशेरी लावणाऱ्या बायकांना तर कोणी विचारतच नाही, त्यांना स्वतःलाही ते व्यसन वाटत नाही. फुंकायच्या मशीनचा त्यांच्यासाठी उपयोग नाही, मशेरीने आकडा चढत नाही. त्याच सर्व्हेत अजून दोन आकडे आहेत जे मला झोपू देत नाहीत. चघळणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या मनात सोडायचा विचार होता. आणि वर्षभरात दवाखान्यात गेलेल्या चघळणाऱ्यांपैकी "सोडा" असं तरी कोणी म्हटलं असे जेमतेम 32 टक्के. म्हणजे निम्मे लोक दार उघडून उभे आहेत आणि आपण विचारतसुद्धा नाही.

बरं, काहीच नाही असंही नाही. 2002 पासून तंबाखूमुक्तीची क्लिनिकं आहेत, डेंटल कॉलेजांमधे केंद्रं आहेत, निकोटीन गम मिळतो, आणि 1800-11-2356 ही क्विटलाइन, म्हणजे तंबाखू सोडायला फोनवरून मदत करणारी सेवा, 2016 पासून चालू आहे, फुकट आहे, मराठीतून बोलतात, आणि 2018 पासून तंबाखूच्या पुडीवर छापलेली आहे. दादाच्या खिशात तीस वर्षं पुडी होती, त्यातली शेवटची कितीतरी वर्षं त्या नंबरसकट. त्याला कोणी बोट ठेवून दाखवला नाही. म्हणून मी म्हणते की नव्या इमारती नकोत, आहेत त्या माणसांना शिकवा. आशाताई घरोघरी जातात, दाताच्या डॉक्टरांना तोंड उघडल्याबरोबर दिसतं, मेडिकल स्टोअरवाला रोज भेटतो, बाळंतपणात नर्स सगळं विचारते. यांना प्रत्येकाला अर्ध्या मिनिटाचं ते वाक्य आणि पुढे कुठे पाठवायचं एवढं शिकवायला किती वेळ लागतो? जागतिक आरोग्य संघटनेने 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत हेच सांगितलंय, प्रत्येक आरोग्य कर्मचाऱ्याने रोजच्या कामातच अर्धं ते तीन मिनिटं बोलावं, आणि चघळणाऱ्यांसाठीसुद्धा औषधाची शिफारस केलीय.

शिकवण्यावर मी एवढा जोर का देते त्याचं कारण गम. दादाने दुसऱ्या वेळी स्वतःच गम आणला, साध्या च्युइंगगमसारखा कचाकचा चावला, उचक्या लागल्या, पोटात जळजळलं आणि पाकीट कपाटात गेलं. असे कितीतरी जण असतात, म्हणतात गम खाऊन बघितला, नाही चालत. मी व्हिडिओ कॉलवर त्याला बसवलं आणि सांगितलं, हळू चाव, तिखट झणझण आली की थांब आणि गालात ठेवून दे, झणझण गेली की परत दोनतीनदा चाव, आणि चहा पिऊन लगेच घेऊ नकोस, पंधरा मिनिटं जाऊ दे. तो क्षणभर बघत राहिला आणि म्हणाला, "अगं मग हे गालात धरायचंच आहे ना, ते मला येतं की." तीस वर्षांची ती सवय पहिल्यांदाच त्याच्या कामी आली. गम त्याच्या चट्टा नसलेल्या बाजूला ठेवतोय, डॉक्टरांना विचारूनच.

क्विटलाइनला फोन त्याने माझ्यासमोर केला, मी मोबाइलवर ऐकत होते. पलीकडच्या मुलीने पहिलं विचारलं, "काका, सकाळी उठल्यावर पहिली चिमूट किती वेळात?" मला इथे एवढं बरं वाटलं, की चला, तिलाही कोणीतरी शिकवलंय. तिने तारीख ठरवून दिली, परत फोन करते म्हणाली, आणि केलाही. आज त्याचा एकेचाळिसावा दिवस आहे. वहिनी कॅलेंडरवर खुणा करतायत, मधे एका चौकोनात खूण नाहीये, सव्विसाव्या दिवशी, त्या रात्री त्याने मला स्वतःहून फोन केला होता.